रेझिन मिनिएचरचा रंग काढताना थिनर लांब ठेवा आणि घाई त्याहून लांब

ठाण्यात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "रंग काढायला काहीतरी द्या" म्हणा, काउंटरखालून एनसी थिनरची बाटली येणार. त्या माणसाचं काही चुकत नाही, त्याच्या डोळ्यासमोर खिडकीचं ग्रिल असतं, तुमच्याकडे दोन इंची रेझिनचा योद्धा, म्हणजे रंगवायचं चिमुकलं मॉडेल, आहे हे त्याला कसं कळणार. थिनरमध्ये टोल्युइन, अ‍ॅसिटोन असली मंडळी असतात आणि ती रंगाबरोबर मॉडेलपण मऊ करून टाकतात, मग नाक-डोळे-बोटं काहीच शिल्लक राहत नाही. नेलपेंट रिमूव्हरच्या बऱ्याच बाटल्यांतही अ‍ॅसिटोनच असतं, त्यामुळे बहिणीच्या ड्रॉवरला हात लावू नका. पॉलिशवाल्यांचं स्पिरिटसुद्धा नको, त्यात मिथेनॉल असू शकतं.

सगळ्यात आधी हातातली वस्तू नेमकी काय आहे ते बघा, कारण सेकंडहँड लॉट घेतला की त्यात सगळी खिचडी असते. तळाला, कुठे दिसणार नाही तिथे, ब्लेडने हलकं खरवडा. साध्या प्लास्टिकची साल वळत वळत निघते, रेझिनचा भुगा पडतो. ओतीव रेझिन म्हणजे बहुतेक वेळा पॉलीयुरेथेन, त्यात बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, गेम्स वर्कशॉप या मिनिएचर बनवणाऱ्या कंपनीने २०११ मध्ये धातूच्या जागी आणलेलं फाइनकास्ट रेझिन त्यातलंच. थ्रीडी प्रिंट असेल तर तिरक्या उजेडात थरांच्या रेषा दिसतात आणि पोटाखाली, काखेत सपोर्ट (प्रिंट होताना दिलेले टेकू) तोडल्याचे ठिपके असतात. हे कळणं महत्त्वाचं आहे, कारण ओतीव रेझिन बऱ्यापैकी सोसतं, प्रिंटवालं लाडावलेलं असतं. प्रिंटरचं नेहमीचं रेझिन अ‍ॅक्रिलेट घराण्यातलं आणि आपला रंगही अ‍ॅक्रिलिक, म्हणजे दोघं भाऊबंदच, एकाला जे लागतं ते दुसऱ्यालाही लागतं, आधी कोण हार मानतो एवढाच प्रश्न.

आता औषध. माझं मत विचाराल तर आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्केवालं, बाकी फार शोधाशोध करायची गरज नाही. मोबाईल रिपेअरवाले सर्किट बोर्ड पुसायला तेच वापरतात, ऑनलाइन मिळतं, आणि मुंबईला जाणं होत असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलची दुकानं आहेतच. ७० टक्केवालं पण चालतं, फक्त हळू. कोविडच्या वेळचा सॅनिटायझरचा कॅन घरात पडून असेल तर तो जेल आहे की पाण्यासारखा ते बघा, जेल नुसता चिकचिकाट करतो. विदेशी व्हिडिओत सिंपल ग्रीन नावाचा क्लीनर वगैरे दाखवतात, ते इथे सहज मिळत नाही, सोडून द्या. ब्रेक ऑइलचा सल्ला पण कोणीतरी देतंच, तो जुन्या धातूच्या मॉडेलच्या काळातला आहे, रेझिनला नको.

डेटॉल हा दुसरा पर्याय, आपली ती तपकिरी बाटलीच. ओतीव रेझिनवरचा अ‍ॅक्रिलिक रंग त्यात काही तासांत सुटायला लागतो. पण एक मोठी गोम आहे, डेटॉलमधून काढलेलं मॉडेल थेट नळाखाली धरलं की सुटलेल्या रंगाचा डिंकासारखा लगदा होतो आणि तो खाचांत जाऊन बसतो, त्यामुळे आधी ब्रश डेटॉलमध्येच बुडवून घासायचं, मग भांड्यांचं लिक्विड न मिसळता घेऊन घासायचं आणि पाणी सगळ्यात शेवटी. घरात मांजर असेल तर डेटॉल विसराच, मांजरांना ते विषारी आहे. शिवाय वास दोन दिवस जात नाही आणि पाहुणे आले की विचारतात कोण आजारी आहे.

जागेचा विचार आधी करा हे मी मुद्दाम ठासून सांगतोय, कारण आपल्याकडे फ्लॅट लहान आणि हॉल, किचन, देवघर सगळं एकमेकांना चिकटलेलं. आयपीएचा फ्लॅश पॉइंट साधारण १२ अंश आहे, म्हणजे आपल्या घरातल्या तापमानाला बाराही महिने ठिणगी पडली की वाफ पेटू शकते, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने खालून पसरते. गॅस बंद, देवापुढचा दिवा-उदबत्ती विझलेली, डासांची कॉइल बंद, सिगरेट तर नाहीच. घोडबंदरच्या टॉवरमध्ये राहत असाल तर बाल्कनीत बसा, नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये असाल तर ग्रिलच्या खिडकीशी. एसी लावून दार बंद करून हे काम करायचं नाही. आणि कधी पेटलंच तर फुंकर मारू नका, बाटली उचलून पळू तर अजिबात नका, वरून झाकण टाका, म्हणून झाकण आधीपासून हाताशी ठेवायचं.

हातात नायट्राइलचे ग्लोव्ह्ज, डोळ्यांना गॉगल. ब्रशचे केस झटकले की शिंतोडा सरळ डोळ्यात जातो, तसं झालं तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं. भांडं म्हणून लोणच्याची काचेची बरणी उत्तम, नंतर तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि ती परत स्वयंपाकघरात जाता कामा नये.

आता प्रत्यक्ष काम. आधी कोमट नको, साध्या पाण्याने आणि साबणाने धुवून पूर्ण सुकवा. गरम पाण्याने रेझिन मऊ पडतं, तलवार वाकते (वाकडी तलवार सरळ करायला हीच युक्ती वापरतात ते वेगळं). मग टेस्ट, म्हणजे त्याच रेझिनचा एखादा टाकाऊ तुकडा किंवा सपोर्टची काडी असेल तर ती, नसेल तर बेसच्या (मॉडेल ज्यावर उभं असतं त्या चकतीच्या) खालचा कोपरा, आयपीए लावून दहा मिनिटं थांबा आणि नखाने दाबून बघा. चिकट लागलं, पांढरट झालं, नख रुतलं तर तिथेच थांबा.

टेस्ट पास झाली की ओतीव रेझिन बुडवून झाकण लावा आणि दर १०-१५ मिनिटांनी काढून मऊ टूथब्रशने घासा, परत बुडवा, परत घासा. रात्रभर ठेवून झोपायचा मोह होतो, नको. थ्रीडी प्रिंट तर बुडवायचंच नाही शक्यतो, ब्रशला आयपीए घेऊन थोडं थोडं घासायचं, आणि बुडवावंच लागलं तर पाच मिनिटांच्या वर नाही, मधे पूर्ण सुकू द्यायचं. आतून पोकळ प्रिंट असेल तर भोकातून आयपीए आत जाऊन साचतं आणि नंतर महिन्याने मॉडेलला तडा जातो, म्हणून भोक आधी बंद करा. खाचांसाठी टूथपिक, सुई नाही. फेविक्विकचे जोड या भानगडीत सुटू शकतात, हात-पाय वेगळे झाले तर घाबरू नका, उलट साफ करायला सोपं जातं, फक्त तुकडे वाटीत जमा करा नाहीतर बेसिनमधून गेले म्हणून समजा. एनामलचा रंग असेल तर आयपीए फारसं चालत नाही, तिथे मिनरल टर्पेंटाईन, तेही आधी टेस्ट करूनच.

आणि कुठे थांबायचं, इथेच बहुतेक लोक माती खातात. ८०-९० टक्के रंग निघाला, चेहरा-कपड्यांच्या घड्या परत उठून दिसायला लागल्या की काम झालं. खाचेतला थोडा काळपटपणा, रेझिनने धरलेला लालसर डाग, स्प्रे प्रायमरचा पातळ थर, हे सगळं नवीन प्रायमरखाली झाकलं जातं. त्या शेवटच्या डागासाठी अजून तासभर घासत बसलात तर डाग राहतो आणि नाक जातं. उरलेलं घासून काढायचंच असेल तर पॉलिशपेपर ओला करून वापरा, मास्क लावून, रेझिनचा सुका भुगा फुप्फुसात जायला नको.

वापरलेलं आयपीए बेसिनमध्ये ओतू नका. बरणी दोन दिवस स्थिर ठेवा, गाळ खाली बसतो, वरचं कॉफी फिल्टरमधून किंवा जुन्या सुती कपड्यातून गाळा, परत वापरता येतं. गाळ आणि फडकी खिडकीबाहेर पूर्ण सुकवून वेगळ्या पिशवीत बांधा. घनकचरा नियमांनुसार रंगाचे डबे वगैरे वेगळे द्यायचे असतात, त्यामुळे ओल्या कचऱ्यात टाकायचं नाही, सोसायटीच्या सफाईवाल्या दादांना पिशवीत काय आहे ते सांगून वेगळं द्यायचं.

शेवटी मॉडेल साबणाच्या पाण्याने धुवून किमान एक दिवस सुकू द्या, पावसाळ्यात दोन. जून ते सप्टेंबर ठाणे-नवी मुंबईच्या हवेत इतका ओलावा असतो की स्प्रे प्रायमर दाणेदार बसतो किंवा पांढुरका होतो, त्यामुळे उघडीप मिळेपर्यंत थांबा नाहीतर सरळ ब्रशने लावायचं प्रायमर घ्या.