बंदरावर मुशी-पाकटाची नोंद कशी घ्यावी

मालवणच्या जेट्टीवर एकाच टोपलीत ४५ सेंटिमीटरच्या दोन मुशी, म्हणजे शार्क, असू शकतात. एक चपट्या थोबाडाची, आपल्या रोजच्या ओळखीची, पूर्ण वाढलेली. दुसरी कानमुशी, म्हणजे हातोडीसारख्या डोक्याची, नुकती जन्मलेली. वहीत नुसतं ‘मुशी, २ नग’ लिहिलं की हा फरक कायमचा बुडाला. म्हणून जात आधी, माप नंतर.

पहाटे, लिलाव सुरू व्हायच्या आत पोहोचा. मासा कापला गेला की ओळख पटत नाही. तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, विचारूनच टोपलीला हात लावा आणि मासा मिनिटभरापेक्षा जास्त अडवू नका.

मुशी सपाट ठेवा, शेपटीचा वरचा फाटा सरळ ताणा आणि थोबाडाच्या टोकापासून तिथपर्यंत मोजा. टेप अंगावरून नेली तर पोटाच्या फुगवट्याने माप वाढतं; ती जमिनीलगतच धरा. पाकटाची, म्हणजे चपट्या अंगाच्या स्टिंगरेची, शेपटी बहुधा तुटलेली असते, त्यामुळे पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी घ्या. मेलेल्या पाकटाचा काटाही विषारी असतो. बोचला तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, बुडवा आणि दवाखाना गाठा.

मग मासा उलटा करा. मागच्या परांच्या आतल्या बाजूला दोन कांड्या दिसल्या तर नर. त्या मऊ असतील तर तो अजून लहान. लांब आणि कडक असतील तर वयात आलेला. मुशीच्या छातीवर, पुढच्या दोन परांच्या मध्ये, नाळेची चीर शोधा. ती उघडी असेल तर पिल्लू अगदी नवं आहे, आणि ही नोंद सगळ्यांत मोलाची. लगेच विचारा: जाळं कुठलं, किती वावांत (म्हणजे किती खोल पाण्यात), कुठल्या बाजूला? अशा नोंदी साठत गेल्या की पिल्लं वाढण्याच्या जागा नकाशावर उमटतात. कुठली जागा कुठल्या महिन्यांत मोकळी सोडायची, हे मच्छीमारांसोबत बसून ठरवता येतं.

फोटो तीन: वरून, बाजूने, आणि खालून तोंड-नाकपुड्या दिसतील असा. प्रत्येकात पट्टी आणि नोंदीचा क्रमांक हवाच.

नवखे लोक मोठा किंवा विचित्र मासा दिसला तरच लिहितात. त्यातून काहीच कळत नाही. किती होड्या लागल्या, किती तपासल्या, तेही लिहा. एकही मुशी नसेल त्या दिवशी शून्य लिहा.

व्हेल शार्कला २००१ पासून कायद्याने संरक्षण आहे. ती जिवंत अडकली तर शेपटीला दोर बांधून ओढू नका, जाळं कापा. महाराष्ट्रात संरक्षित जीव सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, पण पुरावा लागतो. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ पहिला काप घालण्याआधीच सुरू करा.