मानवी प्रतिकारशक्तीचे उंदीर सांभाळताना या चुका टाळा

आमच्या बेळगाव भागात पावसाळा लागला की डेंगूचे पेशंट वाढतात. साध्या उंदराला डेंगू धड होत नाही. अंगात मानवी रक्तपेशी वाढवलेल्या उंदराला मात्र ताप येतो, अंगावर पुरळही उठतं. म्हणूनच हे उंदीर हवेत. खानापूर-निपाणीकडची पोरं बायोटेक शिकून या कामाला लागतात, त्यांच्यासाठी हे लिहिते.

एनएसजी जातीच्या उंदराला स्वतःच्या टी, बी आणि एनके पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, नसतात. त्याला आधी थोडं रेडिएशन देऊन नाळेच्या रक्तातल्या सीडी-३४ स्टेम सेल, म्हणजे रक्तपेशी जिच्यातून बनतात त्या मूळ पेशी, टोचतात. इथेच पहिली चूक होते: बारा आठवडे झाले, म्हणजे उंदीर तयार, असं धरून चालणं. एकाच दिवशी टोचलेल्या भावंडांतही फरक पडतो. प्रत्येकाचं रक्त काढून मानवी सीडी-४५ पेशी, म्हणजे माणसाच्या पांढऱ्या पेशी, मोजा. रक्तातल्या एकूण पांढऱ्या पेशींत त्या २५ टक्क्यांच्या खाली असतील तर तो उंदीर बाजूला ठेवा. बी पेशी आधी येतात, टी पेशी मागाहून, त्यामुळे दोन्ही वेगवेगळ्या मोजा. आणि सगळे उंदीर एकाच बाळाच्या नाळेतून केले असतील तर तुम्ही एकाच माणसावर प्रयोग करताय. निदान दोन-तीन दाते घ्या.

मला सगळ्यात जास्त छळलं ते वजनाने. एका सकाळी पिंजऱ्यात दोन उंदीर पाठीला पोक काढून बसलेले, केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. काट्यावर ठेवले तर २४ ग्रॅमचा उंदीर १९ वर आलेला. आम्ही तपासत असलेल्या औषधाला दोष दिला, डोस कमी केला. शेजारच्या, औषध न दिलेल्या पिंजऱ्याकडे तीन दिवस कुणी बघितलंच नाही. तिथेही तेच चाललं होतं. या उंदरांना नाळेच्या स्टेम सेलऐवजी मोठ्या माणसाच्या रक्तातल्या तयार पेशी टोचल्या होत्या आणि त्या उंदराच्याच अंगावर उलटल्या होत्या. या पद्धतीत बहुधा चार ते सहा आठवड्यांत हे होतंच. नाळेच्या रक्तातून टी पेशी नीट काढल्या नाहीत तर तिथेही होतं. म्हणून औषध न दिलेला गट रोज तोला, आणि प्रयोग त्या मुदतीच्या आत बसवा.

रेडिएशनचा डोस दुसऱ्या जातीवरून उचलू नका. स्किड या जन्मजात दोषामुळे एनएसजी उंदरांना तुटलेला डीएनए नीट जोडता येत नाही. रॅग या प्रतिकारशक्ती नसलेल्या दुसऱ्या जातीला सोसणारा डोस यांचा जीव घेतो.

लस तपासताना आयजीजी (एक प्रकारची अँटीबॉडी) कमी दिसलं म्हणून लस नापास करू नका. या उंदरांत आयजीएम ही दुसरी अँटीबॉडीच जास्त बनते, कारण त्यांच्या टी पेशी उंदराच्या थायमसमध्ये (छातीतल्या ग्रंथीत) शिकलेल्या असतात, त्यामुळे मानवी बी पेशींना नीट मदत करत नाहीत.

आमच्याकडच्या पावसात भुसा दमट होतो. ऑटोक्लेव्हमधून (वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून) काढलेला भुसा पूर्ण कोरडा झाल्याशिवाय पिंजऱ्यात घालू नका. एका उंदराकडून दुसऱ्याला लागणारी न्यूमोसिस्टिस ही बुरशी साध्या उंदराला सहसा काही करत नाही, यांची फुप्फुसं मात्र भरून टाकते. आजारी पिंजरा दिवसात शेवटी हाताळा.

आणि नाळ देणाऱ्या आईचं संमतीपत्र कन्नड आणि मराठी दोन्हीत ठेवा. वडगावची बाई मराठीत वाचेल, बैलहोंगलची कन्नडमध्ये. कळा सुरू झाल्यावर सही मागू नका. आधीच्या तपासणीला आली की शेजारी बसून वाचून दाखवा, "हे रक्त उंदरात जाणार" हे वाक्य न गाळता.