ओव्हरटाइमच्या हिशेबात या चुका टाळा

गेल्या रविवारी इंदूरच्या नंदानगरचे एक भाऊ पगाराची स्लिप घेऊन घरी आले. सांवेर रोडला कारखान्यात आहेत. मूळ पगार ७,८०० रुपये, महागाई भत्ताही ७,८००. महिन्यात २० तास ओव्हरटाइम केला, त्याचे १,५०० मिळाले. "दुप्पट दरानंच दिलेत," असं ते अगदी खात्रीनं सांगत होते.

मी स्लिपच्या मागेच हिशेब मांडला. १५,६०० भागिले २६ दिवस म्हणजे रोजचे ६००. आठ तासांनी भागले की तासाचे ७५. दुप्पट झाले १५०, आणि २० तासांचे ३,०००. कारखान्यानं भत्ता सोडून नुसत्या मूळ पगाराची दुप्पट केली होती. म्हणजे भाऊंना मिळाला तो साधाच दर, फक्त नाव दुप्पट! सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. महागाई भत्ता हा वेतनाचाच भाग आहे, तो धरूनच दुप्पट करायची.

काही ठिकाणी २६ ऐवजी ३० नं भागतात. मग तासाचे ६५ च पडतात.

दुसरी चूक आपली स्वतःची. शिफ्ट नऊची, पण मशीन पुसायला पावणेनऊलाच बोलावतात आणि आपण ती पंधरा मिनिटं धरतच नाही. २६ दिवसांचे साडेसहा तास होतात! आठवड्याचे ४८ तास ही मर्यादा आहे, त्यावरचं काम ओव्हरटाइमच. आल्या-गेल्याची वेळ रोज डायरीत लिहा. हजेरीच्या कोऱ्या रकान्यावर सही तर कधीच करू नका, मुकादम कितीही घाई करो.

पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत हातात यायला हवा. नोकरी सोडली तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत.

आणि "नंतर बघू" म्हणून थांबू नका. इथली हुकुमचंद मिल १९९२ मध्ये बंद पडली, कामगारांच्या देण्याचा २२४ कोटींचा चेक निघाला २५ डिसेंबर २०२३ ला. तेवढ्यात किती घरांतला कमावता माणूसच गेला. नव्या वेतन संहितेत दाव्याची मुदत तीन वर्षं आहे. मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचं कार्यालय इंदूरलाच आहे, भोपाळची फेरी नाही. जाताना डायरी, सगळ्या स्लिपा आणि बँकेचं पासबुक, तिन्हीच्या झेरॉक्स न्या. मूळ कागद घरीच ठेवा.