रूममेट निवडताना नेमकं काय विचाराल?
पुण्यात फ्लॅट शेअर करायला कुणी आलं की ‘तू नीटनेटका आहेस ना?’ असं विचारू नका. नाही कोण म्हणणार? त्यापेक्षा विचारा, आधीच्या रूमवर भांडी कोण घासायचं, मावशींनी दांडी मारली तर काय करायचात, लाइट बिल कसं वाटून घ्यायचात. उत्तरं गोलगोल आली तर सावध व्हा. हिंजवडीत रात्रपाळी करणारा आणि पहाटे पाचला उठून एमपीएससीचा अभ्यास करणारा, दोघंही सज्जन असले तरी एका खोलीत जमणं कठीण. मांसाहार, सिगारेट, मुक्कामी पाहुणे हे विषय आधीच काढा. जमलं तर त्याच्या जुन्या रूममेटला एक फोन करा. तो सहसा खरं सांगतो.

भाडेकरारात मात्र दोघांचीही नावं हवीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी सक्तीची आहे, आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. करार तुमच्या एकट्याच्या नावावर असला आणि दुसरा मध्येच निघून गेला, तर सगळ्या भाड्याचं लोढणं तुमच्याच गळ्यात. डिपॉझिटमध्ये कुणाचे किती, हे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, पण लिहून ठेवा.