पोटरीचा स्नायू ओढला गेला तर

बॉक्स क्रिकेटमध्ये चोरटी धाव घ्यायला पहिलं पाऊल टाकलं, किंवा बॅडमिंटनमध्ये जाळीजवळच्या शटलसाठी झेप घेतली, आणि मागून कुणी पोटरीवर चेंडू मारला असं वाटलं. वळून बघावं तर मागे कुणीच नाही. पोटरीचा स्नायू फाटल्याची ही ठरलेली खूण. बहुतेक वेळा पोटरीच्या आतल्या बाजूला, मांसल फुगवटा संपून स्नायूचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी चिवट दोरी) होतो त्या जागी काही तंतू तुटलेले असतात. चाळिशीच्या आसपासची, आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम मैदानात उतरणारी मंडळी यात जास्त.

उपचार सुरू करण्याआधी दोन शंका काढून टाकायला हव्यात. पहिली, टाचेमागचा जाड कंडरा, म्हणजे अकिलीस तुटल्याची. पालथं झोपून पावलं पलंगाच्या कडेबाहेर सोडा आणि कुणाला तरी पोटरी हलकेच दाबायला सांगा. पाऊल थोडं हलून बोटं नडगीपासून लांब गेली तर ठीक. अजिबात हललं नाही, किंवा टाचेच्या वर खड्डा लागला, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. दुसरी शंका शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची. काही लागलेलं नसताना, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर, एकच पोटरी सुजली, गरम लागली, लाल झाली तर घरगुती उपाय करत बसू नका. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत. एक्स-रेमध्ये स्नायूची फाट दिसत नाही. डॉक्टरांना बघायचीच असेल तर ते सोनोग्राफी सांगतात.

पहिले तीन दिवस

पाय दुखतोय म्हटलं की घरात कुणी ना कुणी तेलाची वाटी कोमट करून आणतंच. माया खरी, पण या तीन दिवसांत चोळणं हे सगळ्यांत वाईट. आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात; चोळल्याने आणि शेकल्याने रक्तस्राव वाढतो, सूज वाढते आणि बरं व्हायला उशीर लागतो. गरम पाण्याची पिशवी, बाम खसाखसा चोळणं, दारू, तिन्ही बंद.

बर्फ रुमालात गुंडाळून १५ मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. त्याने दुखणं कमी होतं. जखम लवकर भरते असं मात्र नाही. १० सेंटिमीटर रुंदीचं क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खालपर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा येईल असं बांधा. बोटं गार, निळसर किंवा बधिर झाली तर लगेच सैल करा. रात्री सोडून ठेवा. झोपताना पोटरीखाली दोन उशा घ्या.

चालताना टाचेखाली साधारण १ सेंटिमीटर जाडीची रबरी किंवा फोमची चकती ठेवली की पोटरीवरचा ताण पटकन उतरतो. दोन्ही बुटांत ठेवा, नाहीतर कंबर तिरकी पडते. घरातही सपाट चप्पल नको. पाऊल बाहेर फिरवून लंगडण्यापेक्षा बऱ्या पायाच्या बाजूच्या हातात काठी धरून छोटी, सरळ पावलं टाका. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उकिडवं बसल्यावर पोटरीवर ताण येतो, म्हणून काही दिवस कमोड वापरा.

दुखण्यावर पॅरासिटामॉल पुरतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे अल्सर, किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. दोन-तीन दिवसांनी घोट्याजवळ काळंनिळं दिसलं तर घाबरू नका, वरचं रक्त उतरत खाली आलेलं असतं.

ताणू नका, उचला

चौथ्या दिवसापासून पोटरी आखडल्यासारखी वाटते आणि भिंतीला हात लावून ती जोरात ताणायचा मोह होतो. नुकतं जुळू लागलेलं त्यानेच पुन्हा उसवतं. पहिला आठवडा-दहा दिवस ताण नकोच. आधी हालचाल, मग ताकद. मोजमाप सोपं आहे: व्यायामात दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली पावलं कालच्यापेक्षा जड वाटू नयेत. वाटली तर एक पायरी मागे. व्यायामाआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका, ही मोजपट्टीच बिघडते.

सुरुवातीला पडल्या पडल्या पाऊल वर-खाली, २० वेळा, दिवसातून तीनदा. मग खुर्चीत बसून टाचा उचला, १५चे तीन फेरे. सोपं झालं की मांडीवर ५ किलो तांदळाची पिशवी. त्यानंतर ओट्याला हात टेकवून उभ्याने दोन्ही टाचा उचला: दोन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. पुढे दोन्ही पायांवर वर जाऊन दुखऱ्या पायावर उतरा आणि शेवटी एकाच पायावर.

हे सगळं गुडघा सरळ ठेवून आणि किंचित वाकवून, दोन्ही प्रकारे करायचं. पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वरून सुरू होतो, म्हणून गुडघा सरळ असताना जास्त राबतो. आतला सोलियस गुडघ्याखालून निघतो. वाकलेल्या गुडघ्यात भार त्याच्यावर येतो. लांब पल्ल्याच्या धावपटूंना बहुधा हाच दगा देतो, तोही अचानक नाही, हळूहळू आखडत.

पुन्हा धावणं

हलकी दुखापत एक ते तीन आठवड्यांत सुटते, मध्यम फाटीला चार ते आठ आठवडे, पूर्ण फाटीला तीन-चार महिने. घोळ होतो तो दुखणं थांबल्यावर. वेदना जाते, ताकद मात्र यायची असते; नेमकं तेव्हाच लोक मैदानात उतरतात आणि तीच पोटरी पुन्हा धरते.

म्हणून मोजा. बऱ्या पायावर सलग किती वेळा टाच उचलता येते? २५ येत असेल तर दुखऱ्यावर निदान २२-२३ यायला हव्यात. अर्धा तास भरभर चालून आणि एका पायावर १० उड्या मारून काही दुखलं नाही की एक मिनिट हळू धावणं, दोन मिनिटं चालणं, असे सहा फेरे, एक दिवसाआड. दर खेपेला धावण्याचा वेळ थोडा वाढवा. चढ आणि वेगाने सुटणं शेवटी, कारण पोटरी फाटली ती त्याच पहिल्या झटक्यात. खेळ सुरू झाल्यावरही एका पायावर टाच उचलणं आठवड्यातून दोनदा चालू ठेवा, आणि टॉसच्या आधी दहा मिनिटं अंग गरम करा.