आखाजीचं जेवण सासूबाईंच्या घशाला झेपेल असं

अर्धांगवायूनंतर सासूबाईंचं गिळणं अवघड झालं. पाण्याच्या घोटालाही ठसका. पातळ पदार्थ घशात झरकन उतरतो, श्वासनलिका वेळेवर बंद होत नाही, म्हणून अशा माणसाला साधं पाणीच जास्त धोक्याचं. स्पीच थेरपिस्टनी गिळणं तपासून घट्ट आणि एकजीव खाणं सांगितलं, म्हणजे खाण्यापिण्याचा घट्टपणा ठरवायला जगभर वापरतात त्या 0 ते 7 पातळ्यांमधली 4 थी.

पंचवटीतल्या आमच्या घरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणपोळी, आमरस, कुरडया. आईंना वेगळी पेज देऊन बाजूला बसवणं माझ्या जिवावर आलं. मग पोळी सोडली, पुरण ठेवलं. डाळ अगदी मऊ शिजवून, पुरणयंत्रातून दोनदा काढून, कोमट दूध आणि तूप घालत सैल केलं. चमचा तिरका केला की घास एकदम सुटायला हवा. चिकटला तर आणखी दूध, ओघळला तर पुन्हा आटवायचं. हापूसचा घट्ट रस गाळून घेतला, दशा राहिल्या नाहीत. ठेवून दिला की त्याला पाणी सुटतं, म्हणून तो ऐन वेळी काढला. कुरडई-पापड मात्र नाहीच.

ताठ बसवून अर्धा अर्धा चमचा, पहिला घास गिळल्यावरच दुसरा. मध्ये गप्पा नाहीत. आवाज ओलसर, घरघरता झाला की थांबायचं. जेवणानंतर अर्धा तास बसवूनच ठेवलं.

“रस अजून वाढ गं,” त्या म्हणाल्या. किती दिवसांनी त्यांनी मागून घेतलं! तुमच्या घरच्यांना कोणती पातळी चालेल, ते मात्र तज्ज्ञांकडून तपासूनच ठरवा.