मेम्ब्रेनच्या गणितात पाय घसरतो तो भिंतीपाशी

अंतिम वर्षाला ॲडव्हान्स्ड सेपरेशन प्रोसेसेस घेतलेल्यांसाठी हे लिहितो आहे. ॲड्सॉर्प्शन किंवा रिॲक्टिव्ह डिस्टिलेशन मागच्या अभ्यासाच्या जोरावर निभावून नेता येतं. मेम्ब्रेनचं, म्हणजे काही पदार्थ सोडणाऱ्या आणि काही अडवणाऱ्या पडद्याचं, तसं नाही. तिथलं चुकीचं उत्तरही दिसायला ठीकठाक असतं, म्हणून चूक सापडत नाही आणि माणूस स्वतःच्या बुद्धीवर शंका घेत बसतो. ती शंका काढून टाका. दोष बहुतेक वेळा एकाच जागी असतो.

रिव्हर्स ऑस्मोसिसमध्ये (दाब लावून खाऱ्या पाण्यातलं पाणी मेम्ब्रेनपार काढणं) फ्लक्स, म्हणजे चौरस मीटरमागे तासाला पार जाणारं पाणी, हा पर्मिएबिलिटी (मेम्ब्रेन पाणी किती सहज सोडते) गुणिले निव्वळ दाब (लावलेला वजा ऑस्मोटिक) इतका असतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्यातला ऑस्मोटिक दाब (विरघळलेल्या क्षारांमुळे येणारा उलटा दाब) मेम्ब्रेनच्या पृष्ठभागावरचा घ्यायचा, फीडचा, म्हणजे आत येणाऱ्या पाण्याचा, नाही. पाणी आरपार जातं, क्षार मागे राहतात आणि भिंतीपाशी, म्हणजे त्या पृष्ठभागाशी, साचतात. हेच कॉन्सन्ट्रेशन पोलरायझेशन. व्याख्या सगळे लिहितात, गणितात मात्र फीडचाच आकडा घालतात.

आकडेच पाहू. फीडमध्ये लिटरला ३५ ग्रॅम मीठ, तापमान २५ अंश. मिठाचे दोन आयन धरून (हा २ विसरणारेही पुष्कळ आहेत) ऑस्मोटिक दाब २९.६ बार येतो. लावलेला दाब ६० बार, पर्मिएबिलिटी दर बारला तासाला चौरस मीटरमागे १ लिटर. परमिएटमधलं (पार गेलेल्या पाण्यातलं) मीठ नगण्य धरा. सरळ सूत्रात घातलं की फ्लक्स ३०.४ येतो.

आता मास ट्रान्सफर कोइफिशंट (भिंतीपाशी साचलेलं मीठ किती वेगाने प्रवाहात परत जातं ते) सेकंदाला २ × १०⁻⁵ मीटर घ्या. भिंतीवरची तीव्रता म्हणजे फीडची तीव्रता गुणिले (फ्लक्स भागिले कोइफिशंट) याचा एक्सपोनेन्शियल. भागाकाराआधी एकक जुळवा: ३०.४ म्हणजे सेकंदाला ८.४ × १०⁻⁶ मीटर. भिंतीचा ऑस्मोटिक दाब ४५.१ बार निघतो आणि नवा फ्लक्स फक्त १४.९. तोच पुढे घातला तर उत्तर बऱ्याच फेऱ्या वरखाली झोके घेत राहतं. म्हणून दर फेरीला जुन्या-नव्याची सरासरी पुढे न्या. २२.६, मग २१, मग २०.७, आणि २०.६ वर स्थिरावतं. भिंतीवर मीठ लिटरला ४६.६ ग्रॅम. पहिल्या उत्तरावर मेम्ब्रेनचं क्षेत्रफळ काढलं असतं, तर गरजेच्या दोन-तृतीयांशच मेम्ब्रेन मागवली असती.

दाब वाढवून ही तूट भरत नाही. फ्लक्स वाढला की भिंतीची तीव्रता घातांकाने चढते. उपाय क्रॉसफ्लोचा, म्हणजे मेम्ब्रेनला समांतर वाहणाऱ्या फीडचा, वेग वाढवण्यात आहे. प्रवाह टर्ब्युलंट (खळबळता) असेल तर वेग दुप्पट केल्यावर कोइफिशंट सुमारे १.७ पट होतो, लॅमिनारमध्ये (संथ, थराथराने वाहणाऱ्या प्रवाहात) जेमतेम १.२६ पट. शेरवुड नंबरमधून (कोइफिशंटचं एककरहित रूप) तो काढताना अरुंद चॅनेलचा हायड्रॉलिक डायमीटर उंचीच्या जवळपास दुप्पट असतो, नुसती उंची घालू नका.

अल्ट्राफिल्ट्रेशनमध्ये, म्हणजे प्रथिनांसारखे मोठे रेणू अडवताना, हे आणखी तीव्र होतं. प्रथिनांची डिफ्युझिव्हिटी (पाण्यात पसरण्याचा वेग) मिठाच्या सुमारे पंचविसाव्या भागाइतकी. म्हणून ठरावीक दाबानंतर फ्लक्स हलतच नाही. फ्लक्स आणि फीड तीव्रतेचा लॉगरिदम यांचा आलेख काढा: उताराने कोइफिशंट मिळतो, आडव्या अक्षावरच्या छेदाने जेलची, म्हणजे भिंतीवर साचलेल्या घट्ट थराची, तीव्रता.

सोडवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा मार्ग मला अजिबात पटत नाही. त्यांतल्या बऱ्याच गणितांत पोलरायझेशन दुर्लक्षित धरलेलं असतं आणि तीच सवय हाताला लागते. सॉफ्टवेअर वापरा, पण हाताने चार फेऱ्या केल्यानंतर. मार्गदर्शक निवडताना ज्यांनी पायलट युनिट स्वतः चालवलं आहे त्यांना आधी गाठा, मग ते प्राध्यापक असोत की प्रयोगशाळेतले सहायक.

हे एकदा हातात बसलं की इलेक्ट्रोडायलिसिसमधला (विजेने क्षार मेम्ब्रेनपार ओढणं) लिमिटिंग करंट, म्हणजे विजेच्या प्रवाहाची कमाल मर्यादा, परका वाटत नाही, कारण तिथेही भिंतीलगत हीच पातळ फिल्म आहे, फक्त भिंतीपाशी क्षार साचण्याऐवजी संपतात.

प्रयोगात फ्लक्स घसरला तर लगेच फाउलिंग (मेम्ब्रेनवर घाण चिकटून बसणं) लिहू नका. युनिट शुद्ध पाण्याने धुवा आणि त्याच दाबाला, त्याच तापमानाला शुद्ध पाण्याचा फ्लक्स मोजा. प्रयोगाआधीचा शुद्ध पाण्याचा आकडा परत आला तर ते पोलरायझेशन होतं, नाही आला तर फाउलिंग. तापमानाची नोंद ठेवाच, एका अंशाने फ्लक्स दोन ते तीन टक्के बदलतो.